अंतःसंवेदन

अंतःसंवेदन म्हणजे शरीराच्या अंतर्गत स्थितीविषयी मज्जासंस्थेला मिळणारी माहिती, त्या माहितीचा मेंदूने लावलेला अर्थ आणि त्यातून व्यक्तीला होणारी जाणीव होय. भूक, तहान, श्वासाची ओढ, हृदयाची धडधड, मळमळ, मूत्राशय भरल्याची जाणीव, अंगातील उष्णता व थंडी, थकवा, वेदना ही अंतःसंवेदनाची परिचित उदाहरणे आहेत. इंग्रजीत ही क्षमता इंटरोसेप्शन या नावाने ओळखली जाते. दृष्टी, श्रवण, गंध, रुची व स्पर्श या पाच संवेदना बाह्य जगाची वार्ता देतात. अंतःसंवेदन शरीराची वार्ता देते.

भावना आणि शरीराच्या आतील बदल यांचा निकटचा संबंध असल्याने अंतःसंवेदनाचा अभ्यास शरीरक्रियाशास्त्राइतकाच मानसशास्त्रातही महत्त्वाचा ठरला आहे. मात्र शरीराकडे जितके अधिक लक्ष तितके मानसिक स्वास्थ्य अधिक चांगले, असे सरळ समीकरण यातून निघत नाही. संकेत वेळेवर ओळखता येणे, त्याचा योग्य अर्थ लावता येणे आणि त्याला न घाबरता योग्य ती कृती करता येणे या तिन्ही गोष्टी जुळून आल्या, तरच ही जाणीव भावनिक स्वास्थ्याला उपकारक ठरते.

संज्ञा व व्याप्ती

ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संवेदनांचे तीन वर्ग मांडले. बाह्य जगाची माहिती देणारे बाह्यसंवेदन, स्नायू व सांधे यांच्या स्थितीची माहिती देणारे स्थितिसंवेदन आणि शरीराच्या आतील पृष्ठभागांवरून, मुख्यतः अन्नमार्गातून, येणारे अंतःसंवेदन असे हे वर्ग होत. डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे हे कळते, ते स्थितिसंवेदनामुळे. पोट रिकामे आहे हे कळते, ते अंतःसंवेदनामुळे.

पुढे या संज्ञेची व्याप्ती वाढत गेली. अमेरिकन मज्जाशास्त्रज्ञ ए. डी. क्रेग यांनी २००२ साली लिहिलेल्या लेखात अंतःसंवेदन म्हणजे संपूर्ण शरीराच्या शारीरिक अवस्थेची जाणीव, अशी व्यापक मांडणी केली. वेदना, तापमान व खाज या संवेदना त्वचेवर उमटत असल्या, तरी त्याही शरीराच्या सुस्थितीविषयी सूचना देतात. म्हणून त्यांनी त्यांचा समावेश याच वर्गात केला.

अंतःसंवेदनाचा फार मोठा भाग जाणिवेपर्यंत पोहोचतच नाही. रक्तदाब, रक्तातील वायूंचे प्रमाण, आतड्यांची हालचाल यांची नोंद मेंदू अहोरात्र घेत असतो; व्यक्तीला मात्र त्याची वार्ता नसते. शरीराच्या आतील परिस्थितीचा समतोल राखणे हे या नोंदीचे मूळ प्रयोजन आहे.

शरीरातील मार्ग

हृदय, रक्तवाहिन्या, फुप्फुसे, जठर, आतडी, मूत्राशय इत्यादी अवयवांत ताण, दाब, तापमान व रासायनिक बदल टिपणारे संवेदी ग्राहक असतात. मानेतील रोहिणीत व महारोहिणीच्या कमानीत असलेले दाबग्राहक हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मेंदूला रक्तदाबाची सूचना देतात. दाब ओळखणाऱ्या पिएझो प्रथिनांचा शोध लावणारे आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ सालचे शरीरक्रिया व वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस यांच्यासह मिळाले. त्वचेच्या स्पर्शाप्रमाणेच रक्तदाब, श्वसन व मूत्राशयाचे नियंत्रण यांतही ही प्रथिने भाग घेतात.

ही माहिती मुख्यतः दोन मार्गांनी मेंदूकडे जाते. पहिला मार्ग व्हेगस या मज्जातंतूचा आहे. मेंदूच्या तळापासून छाती व पोटापर्यंत पसरलेल्या या मज्जातंतूतील बहुतांश तंतू मेंदूकडून अवयवांकडे आज्ञा नेत नाहीत, तर अवयवांकडून मेंदूकडे वार्ता आणतात. दुसरा मार्ग मज्जारज्जूतून वर जातो. दोन्ही मार्गांवरील माहिती मेंदूचे मूळ व थॅलॅमस यांतून इन्सुला या भागापर्यंत पोहोचते. इन्सुला हा मेंदूच्या बाजूच्या खोल घडीत दडलेला भाग आहे. त्याच्या मागील भागात शरीराची कच्ची नोंद होते आणि पुढील भागात ती प्रसंग, स्मृती व भावना यांच्याशी जोडली जाते, असे मानले जाते.

मेंदू केवळ वार्तेची वाट पाहत बसत नाही. पूर्वानुभवावरून तो शरीरात पुढे काय घडेल याचा सतत अंदाज बांधतो व आलेल्या माहितीशी तो ताडून पाहतो, असा विचार अनिल सेठ, लिसा फेल्डमन बॅरेट आदी संशोधकांनी मांडला आहे. पाणी पोटातून रक्तात पूर्णपणे शोषले जाण्यास काही मिनिटे लागतात. तहान मात्र पाणी पिताच भागू लागते. हे अशा पूर्वअंदाजाचे सहज कळणारे उदाहरण होय.

भावनेशी संबंध : सिद्धान्तांचा इतिहास

आपण घाबरतो म्हणून छाती धडधडते, ही सर्वसामान्य समजूत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ साली हा क्रम उलटा केला. प्रसंग पाहताच शरीरात बदल होतात आणि त्या बदलांची जाणीव हीच भावना होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. डेन्मार्कचे वैद्य कार्ल लांगे यांनी १८८५ साली जवळजवळ असाच विचार स्वतंत्रपणे मांडला. त्यामुळे हा सिद्धान्त जेम्स-लांगे सिद्धान्त म्हणून ओळखला जातो.

वॉल्टर कॅनन यांनी १९२७ साली त्यावर मूलगामी टीका केली. राग, भीती व थंडी यांत शरीरातील बदल बरेचसे सारखे असतात. अंतर्गत अवयवांचे बदल संथ असतात आणि अवयवांची संवेदनक्षमताही बेताचीच असते. मग एवढ्यावरून इतक्या विविध भावना कशा उपजतील, असा त्यांचा प्रश्न होता. स्टॅन्ली शॅक्टर व जेरोम सिंगर यांनी १९६२ साली मधला मार्ग सुचवला. शारीरिक उत्तेजना आणि तिला व्यक्तीने प्रसंगानुसार दिलेले स्पष्टीकरण या दोहोंच्या संयोगातून भावना घडते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या मूळ प्रयोगाचे निष्कर्ष नंतरच्या प्रयोगांत पूर्णपणे टिकले नाहीत. तथापि संकेताला दिलेला अर्थ महत्त्वाचा असतो, हा विचार रुजला.

अँटोनिओ दामासिओ यांनी १९९४ साली हा विषय निर्णयप्रक्रियेशी जोडला. पूर्वी भोगलेल्या परिणामांच्या शारीरिक खुणा मेंदूत साठवल्या जातात व नव्या प्रसंगी त्या निवडीला दिशा देतात, असे त्यांचे गृहीतक आहे. शुद्ध तर्काच्या आड भावना येते या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

प्रायोगिक पुरावे

ह्यूगो क्रिचली व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना ऐकू येणारे स्वर स्वतःच्या हृदयाच्या ठोक्यांशी जुळतात की नाही, हे ओळखायचे होते. त्या वेळी उजव्या इन्सुलाच्या पुढील भागातील सक्रियता आणि ओळखण्यातील अचूकता यांचा परस्परसंबंध आढळला.

अमिग्डाला हा मेंदूचा भाग भीतीशी निगडित मानला जातो. तो दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या तीन व्यक्तींना कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अधिक असलेली हवा हुंगवली असता, त्यांना भीतीचा तीव्र झटका आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षावरून शरीराच्या आतून उठणाऱ्या भीतीचा मार्ग निराळा असू शकतो, हे दिसून आले. २०२३ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात प्रकाशाच्या साहाय्याने केवळ हृदयाची गती वाढवली असता, जोखमीच्या परिस्थितीत त्यांचे चिंतासदृश वर्तन वाढले; इन्सुलाच्या मागील भागाचे कार्य रोखल्यावर ते कमी झाले. हृदयाची गती हा चिंतेचा केवळ परिणाम नसून काही वेळा कारणही असू शकते, असे हे प्रयोग सुचवतात.

जाणिवेचे पैलू व मापन

रायनर शांड्री यांनी १९८१ साली वापरलेली हृदयस्पंदन-गणना ही मापनाची सर्वांत परिचित रीत आहे. नाडीला हात न लावता ठरावीक वेळेत आपले ठोके मनात मोजायचे आणि ते यंत्राने नोंदलेल्या ठोक्यांशी ताडून पाहायचे, असे तिचे स्वरूप आहे. आपली नाडी साधारण किती चालते हे ठाऊक असलेली व्यक्ती ठोके न जाणवताही बरोबर अंदाज करू शकते, हा या रीतीवरील प्रमुख आक्षेप आहे.

सारा गारफिंकल व सहकाऱ्यांनी २०१५ साली या क्षमतेचे तीन पैलू वेगळे केले. पहिला पैलू म्हणजे प्रत्यक्ष चाचणीतील अचूकता. दुसरा, आपल्याला शरीराची जाण किती आहे याविषयी व्यक्तीचे स्वतःचे मत. आणि तिसरा, आपले मत आपल्या अचूकतेशी कितपत जुळते याचे भान. हे तीन पैलू एकमेकांसोबत चालतातच असे नाही. स्वतःला शरीराची उत्तम जाण आहे असे मानणारी व्यक्ती चाचणीत चुकू शकते.

वुल्फ मेलिंग व सहकाऱ्यांनी २०१२ साली तयार केलेल्या प्रश्नावलीत अचूकतेऐवजी वृत्तीवर भर आहे. संवेदना लक्षात येतात का, त्यांकडे दुर्लक्ष केले जाते का, त्यांमुळे काळजी वाटते का, शरीरावर विश्वास आहे का, अशा प्रकारच्या ३२ विधानांतून आठ घटक मोजले जातात.

भावनिक स्वास्थ्यातील भूमिका

भावनेचे नियमन करण्यासाठी ती प्रथम लक्षात यावी लागते. राग शब्दांतून बाहेर पडण्यापूर्वी जबडा आवळला जाणे, श्वास उथळ होणे, कानशिले तापणे अशा खुणा उमटतात. त्या वेळीच ओळखता आल्यास थांबण्याला, प्रसंगाकडे दुसऱ्या दृष्टीने पाहण्याला किंवा तेथून दूर होण्याला अवकाश मिळतो. ज्यांना हृदयाचे ठोके अधिक नेमके कळतात, त्यांना प्रसंगाचा नवा अर्थ लावून अप्रिय भावना सौम्य करणे तुलनेने सुकर जाते, असे २०१३ सालच्या एका अभ्यासात आढळले.

दुसरा लाभ म्हणजे शारीरिक गरज व भावना यांतील फरक ओळखता येणे. उपाशीपोटी वा अपुऱ्या झोपेनंतर येणारी चिडचिड पुष्कळदा समोरच्या माणसाच्या माथी मारली जाते. मूळ कारण कळल्यास उपायही सोपा होतो.

शारीरिक संकेताचे कारण चुकीचे जोडले जाऊ शकते, हे कॅनडातील कॅपिलानो येथील झुलत्या पुलावरील प्रयोगातून परिचित झाले. डोनाल्ड डटन व आर्थर एरन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात उंच व डळमळत्या पुलावर भेटलेल्या स्त्री-संशोधकाला नंतर दूरध्वनी करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण, स्थिर पुलावरील पुरुषांपेक्षा अधिक होते. भीतीमुळे झालेल्या धडधडीचा अर्थ आकर्षण असा लावला गेला, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले.

मानसिक विकारांशी संबंध

भीतीचा झटका : या विकारात धडधड, धाप, छातीत दुखणे, चक्कर, मुंग्या येणे व आता आपण मरणार असे वाटणे, ही लक्षणे काही मिनिटांत शिगेला पोहोचतात. डेव्हिड क्लार्क यांच्या १९८६ सालच्या प्रतिमानानुसार साध्या शारीरिक संवेदनेचा अनर्थकारक अर्थ लावला जातो. त्यामुळे भीती वाढते, भीतीमुळे संवेदना वाढते आणि हे चक्र फिरत राहते. जलद श्वासोच्छ्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर व मुंग्या येतात, त्यामुळे भीतीला आणखी आधार मिळतो. येथे जाणिवेचा अभाव नसतो. जाणीव असते, पण तिचा अर्थ चुकलेला असतो.

भावना ओळखण्यातील अडचण : आपल्याला काय वाटते हे ओळखता व सांगता न येण्याच्या अवस्थेला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. पीटर सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकात ही संज्ञा रूढ केली. अशा व्यक्तींना भावना नसतात असे नव्हे. छातीतील जडपणा जाणवतो, परंतु त्याला दुःख हे नाव देता येत नाही.

खाण्याचे विकार : हिल्डे ब्रुख यांनी १९६२ साली ॲनोरेक्सिया नर्वोझाच्या रुग्णांत भूक व तृप्ती यांसारखे आतील संकेत ओळखण्यात दोष असल्याचे निरीक्षण नोंदवले.

नैराश्य : नैराश्यात अनेकदा थकवा, अंगदुखी, भूक मंदावणे, झोप मोडणे या तक्रारी आधी पुढे येतात. भारतासह अनेक देशांत रुग्ण प्रथम सर्वसाधारण डॉक्टरांकडे शरीराचीच तक्रार घेऊन जातो. तपासण्या निर्दोष आल्या म्हणजे त्रास खोटा ठरत नाही. अशा रुग्णाला काहीच झालेले नाही असे सांगून परत पाठवल्यास मूळ आजार उपचाराविना राहतो.

बालपणातील विकास

आतील संवेदनांना नावे देण्यास मूल मोठ्या माणसांकडून शिकते. किरकिर करणाऱ्या बाळाला भूक लागली आहे की झोप आली आहे, हे पालक ओळखून बोलून दाखवतात. वारंवारच्या अशा अनुभवातून संवेदना, शब्द व उपाय यांची सांगड बसते. भूक नसताना भरवणे, तहान वा लघवीची भावना दाबायला लावणे, रडणाऱ्या मुलाला तुला काही झालेले नाही असे सांगणे, यांमुळे मुलाचा आपल्याच संकेतांवरील विश्वास डळमळू शकतो. परीक्षेच्या सकाळी पोट दुखण्याची तक्रार करणारे मूल बहुधा सोंग करत नसते. चिंतेमुळे आतड्यांच्या हालचालीत खरोखरच बदल होतो. भाषाशिक्षणात अशा संवेदनांसाठी नेमके शब्द मिळाल्यास मुलांना आपली अवस्था सांगणे सोपे जाते.

भारतीय परंपरेतील विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात मूत्र, मल, शुक्र, अपानवायू, वांती, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, निद्रा आणि श्रमामुळे लागलेली धाप असे तेरा वेग सांगितले असून ते अडवल्याने रोग होतात, असे म्हटले आहे. त्याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध यांसारखे मनाचे वेग मात्र आवरावेत, असा उपदेश आहे. शरीराचा संकेत मानावा आणि मनाचा आवेग ओळखून आवरावा, हा भेद तेथे स्पष्ट आहे.

बौद्ध परंपरेतील सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त व धम्म या चार विषयांचे अनुपश्यन सांगितले आहे. मराठीत वेदना म्हणजे दुःखद संवेदना. पालीत मात्र वेदना या शब्दाने सुखद, दुःखद व दोन्ही नसलेली अशा सर्वच अनुभूतींचा निर्देश होतो. ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून विपश्यना शिकलेले सत्यनारायण गोएंका यांनी नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे धम्मगिरी हे केंद्र उभारले. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात प्रथम श्वासाचे आणि नंतर अंगभर उमटणाऱ्या संवेदनांचे, त्यांवर प्रतिक्रिया न देता, निरीक्षण केले जाते.

मराठी भाषेतील आविष्कार

मराठीत भावना व्यक्त करणारे अनेक वाक्प्रचार शरीराच्या आतील संवेदनांवर आधारलेले आहेत. भीतीसाठी पोटात गोळा येणे, हातपाय गळणे. अनिष्टाच्या शंकेसाठी काळजात चर्र होणे. दुःखासाठी आवंढा गिळणे, काळीज तुटणे. संतापासाठी तळपायाची आग मस्तकात जाणे. मायेसाठी पोटात कालवणे. कृतज्ञता व आनंदासाठी ऊर भरून येणे असे प्रयोग रूढ आहेत. प्रत्येक भावनेसाठी निराळी जागा व निराळी क्रिया योजलेली दिसते. फिनलंडमधील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फिनिश, स्वीडिश व तैवानी व्यक्तींनी विविध भावना शरीरात कोठे जाणवतात हे चित्रात रंगवून दाखवले. भाषा भिन्न असूनही त्या चित्रांत बरेच साम्य आढळले.

जोपासना व उपचार

जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेल्या तणावनियमनाच्या उपक्रमात पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत क्रमाने लक्ष नेण्याचा सराव हा एक मुख्य भाग आहे. योगासने, संथ श्वसन व व्यायाम यांचाही या दृष्टीने अभ्यास होत आहे. अशा साधनांचा उपयोग संवेदना नेमकी ओळखण्यापेक्षा तिच्याविषयीची वृत्ती बदलण्यात अधिक असावा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी ध्यानसाधक हृदयाचे ठोके ओळखण्यात इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत.

भीतीच्या झटक्यांवरील बोधात्मक वर्तनोपचारात रुग्णाला भयप्रद वाटणाऱ्या संवेदना तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मुद्दाम उत्पन्न केल्या जातात. जागच्या जागी धावणे, खुर्चीत गोल फिरणे, बारीक नळीतून श्वास घेणे अशा कृतींतून धडधड, चक्कर व धाप अनुभवल्यावर त्या आपोआप ओसरतात, हा प्रत्यय येतो आणि संवेदनेची भीती कमी होते.

मर्यादा व दक्षता

शरीराकडे सतत साशंक लक्ष ठेवल्याने आरोग्यविषयक चिंता वाढू शकते. मानसिक आघात अनुभवलेल्या काही व्यक्तींना डोळे मिटून शरीराकडे लक्ष नेणे असह्य होते. त्यांनी हा सराव तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाने व थोड्या वेळापासून सुरू करणे इष्ट असते. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, तर दीर्घकाळच्या मधुमेहात रक्तातील साखर घटल्याची पूर्वसूचना देणारा घाम व थरथर काही रुग्णांना जाणवत नाही. अशा वेळी केवळ जाणिवेवर न विसंबता ठरावीक वेळी पाणी पिणे वा साखर तपासणे आवश्यक ठरते.

प्रत्येक धडधडीचे कारण भावनिक नसते. रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीची अतिक्रियाशीलता, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता यांतही अशीच लक्षणे दिसतात. छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हातात वा जबड्यात पसरणारी वेदना ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. स्त्रियांत व मधुमेही व्यक्तींत ती अस्पष्टही असतात. भीतीचा झटका व हृदयविकाराचा झटका यांतील भेद केवळ जाणिवेच्या आधारे घरी ठरवता येत नाही. अशा वेळी तातडीने वैद्यकीय तपासणी करून घेणे आणि तीत शारीरिक कारण न आढळल्यास मानसिक आरोग्याच्या दृष्टीने पुढील उपचार घेणे, हा योग्य क्रम होय.